हास्य, करुण आणि 'खेयाल-रस'

हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस होत, असे आपल्या साहित्यशास्त्राने सांगून ठेवले आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त करुण व भयानक हे दोन्ही हास्याचे विरोधक मानले. शास्त्राच्या चौकटीत हे मत सयुक्तिकच आहे. तेथे हास्य उद्भवते ते दुसऱ्याच्या विकृत आकृतीतून, वाणीतून वा वेषातून. आणि ज्याला हसावयाचे त्याच्याविषयी कळवळा दाटून आला की हसू ओसरते. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात कोलकात्यात जे सचित्र विनोदी वाङ्मय निर्माण झाले, ते या मताचा पुनर्विचार करावयास लावते.

तत्पूर्वीचा बंगाली चित्रविनोद शास्त्राला धरूनच होता. १८७४ साली निघालेल्या 'वसंतक' मासिकाने 'पंच'च्या धर्तीवर नगरपालिकेच्या कारभाराची टर उडविली. पुढे गगनेंद्रनाथ ठाकुरांनी 'विरूप वज्र' (१९१७) व 'नव हुल्लोड' (१९२१) या चित्रसंग्रहांत साहेबी थाटाचे बाबू आणि ढोंगी धर्ममार्तंड यांच्यावर कोरडे ओढले. ही चित्रे श्रेष्ठ आहेत. पण तेथे हसणारा एका बाजूस आणि हास्यविषय दुसऱ्या बाजूस, हे अंतर कायम राहते.

ते अंतर मिटविले सुकुमार राय यांनी. मुद्रणविद्येच्या अभ्यासासाठी ते १९११ साली इंग्लंडला गेले आणि १९१३ मध्ये परतले. त्याच वर्षी त्यांचे वडील उपेंद्रकिशोर यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले होते. त्यात सुकुमार कविताही लिहीत आणि तिचे चित्रही स्वतःच काढीत. शब्द आणि रेषा एकाच हातच्या असल्यामुळे त्यांच्या विचित्र प्राण्यांना एक अंतःकरण लाभले.

'हुँकोमुखो ह्यांगला' पाहा. त्याच्या चेहऱ्यावर हसू नाही. का, तर त्याला शेपट्या दोनच. उजवीकडची माशी उजव्या शेपटीने मारावी, डावीकडची डावीने. पण जी मधोमध बसते तिचे काय करावे? चित्रातला तो खिन्न जीव पाहून आपण हसतो खरे, परंतु ते हसू उपहासाचे नसते. उपाय ज्याचा त्यालाच सुचत नाही अशा क्षुल्लक, तरीही न सुटणाऱ्या दुःखाची ओळख आपणा सर्वांना असते. तीच गोष्ट हसण्याची बंदी असलेल्या 'रामगरुडा'च्या पिलांची. कोठे कोणी हसले तर नाही ना, या धास्तीने ती कानोसा घेत बसतात. ज्या घरांत मुलांच्या हसण्यावर डोळे वटारले जातात, तेथील बालमनाचे भय येथे बोलते. विश्वनाथाने विरोधी ठरविलेले करुण आणि भयानक हे दोघेही अशा रीतीने हास्याच्या घरात सुखाने नांदू लागतात.

१९२१ साली सुकुमारांना काळा आजार जडला. १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते निवर्तले. 'आबोल ताबोल' हा संग्रह त्यानंतर नऊ दिवसांनी प्रसिद्ध झाला. म्हणून त्यातील करुणेला मृत्युच्छायेचे फळ ठरविण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. यातील अनेक कविता आजारापूर्वीच 'संदेश'मध्ये येऊन गेल्या होत्या. ही करुणा त्यांच्या दृष्टीतच होती. पुस्तकाच्या प्रारंभी त्यांनी आपल्या रसाला 'खेयाल-रस' म्हटले, ते केवळ गमतीने नव्हे. नव्या अनुभवाला जुन्या यादीत जागा नव्हती.

मराठी वाचकाला या वृत्तीचा सर्वस्वी अपरिचय नाही. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच गंभीरपणे सांगतो, म्हणून तो आपल्याला घरचा वाटतो. तथापि चिमणराव माणूस आहे. त्याला पुणेरी मध्यमवर्गाचा पत्ता आहे. हुँकोमुखोला कोणाचाच चेहरा नाही, म्हणून तो कोणाचाही होऊ शकतो. व्यंगचित्राच्या मोजक्या रेषांचे सामर्थ्य हेच.

सुकुमारांचा अनुवाद करू पाहणाऱ्याला शब्दांच्या कोट्या अडवितात, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः बदक आणि साळिंदर यांची सांगड मराठीतही घालता येते. खरी कसोटी स्वराची आहे. आपली विनोदाची भाषा चटकन टवाळीकडे झुकते. आणि अनुवादात टवाळीचा एक शब्द जरी शिरला, तरी त्या दोन शेपट्यांच्या प्राण्याचे दुःख खोटे ठरते. त्याची माशी अनुवादकालाही तितकीच खरी वाटली पाहिजे.