ओळखपत्र आणि यादी : न्यू हेवन शहराचा अनुभव

कोणाला देशात ठेवायचे आणि कोणाला बाहेर काढायचे हे अमेरिकेत केंद्र सरकार ठरवते. पण माणूस राहतो तो शहरात. त्यामुळे नगरपालिकेच्या हाती काय उरते, या प्रश्नाच्या अभ्यासासाठी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहराचे उदाहरण उपयुक्त आहे.

या शहराच्या फेअर हेवन भागात लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मजुरांची मोठी वस्ती आहे. त्यांपैकी अनेकांजवळ वैध कागदपत्रे नव्हती. कागद नाही म्हणून बँकेत खाते नाही, खाते नाही म्हणून मजुरीची सारी रक्कम खिशात. आणि हे लुटारूंना पक्के ठाऊक. लुटले गेल्यावर पोलिसांकडे जावे तर हद्दपारीची धास्ती. तेव्हा स्थानिक संस्था व येल विद्यापीठातील कायद्याचे विद्यार्थी यांनी २००५ मध्ये सुचविले की, शहरानेच प्रत्येक रहिवाशाला, नागरिकत्व न विचारता, ओळखपत्र द्यावे. ४ जून २००७ रोजी नगरसेवकांनी २५ विरुद्ध १ मतांनी योजना मंजूर केली.

अवघ्या दोन दिवसांनी केंद्रीय अधिकाऱ्यांनी फेअर हेवनमधील घरांवर पहाटे छापे घालून सुमारे ३० जणांना पकडले. हा सूड असल्याचा आरोप महापौर जॉन डिस्टेफानो यांनी केला. केंद्राने तो नाकारला. तरीही जुलैअखेर ओळखपत्रे मिळू लागली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. मला स्वतःला मंजुरीच्या ठरावापेक्षा या रांगा अधिक बोलक्या वाटतात. ग्रंथालयासारख्या सोयीही याच पत्रावर होत्या. हेतू हा की सर्व थरांतील लोकांनी ते घ्यावे, म्हणजे ती केवळ बेकायदा रहिवाशाची खूण ठरणार नाही.

परंतु ओळखपत्र दिले की यादी तयार होते. योजनेच्या विरोधकांनी माहितीच्या अधिकाराखाली पत्रधारकांची नावे मागितली. (आपल्याकडे हा अधिकार दुबळ्यांचे हत्यार मानला जातो; येथे तो दुबळ्यांवरच रोखला गेला.) शहराने नावे दिली नाहीत, आणि २००८ मध्ये राज्याच्या माहिती आयोगाने शहराची बाजू उचलून धरली.

पुढे २०१५ मध्ये न्यूयॉर्कने असेच पत्र सुरू केले, मात्र अर्जदारांच्या कागदपत्रांच्या प्रती स्वतःजवळ ठेवल्या. त्या नष्ट करण्याची मुभा कायद्यातच होती. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर राज्य विधिमंडळाच्या दोन सदस्यांनी त्यास न्यायालयात हरकत घेतली. एप्रिल २०१७ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. नव्या अर्जदारांच्या प्रती ठेवणे शहराने त्याआधीच बंद केले होते.