वय कोणत्या दिवशीचे?

आमच्या खाप्यात पोळ्याच्या करीची रात्र जराशी जड जाते. बैल गोठ्यात परततात. काही घरची तरुण पोरे मात्र उशिरापर्यंत परतत नाहीत. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री शेजारच्या १९ वर्षांच्या मुलाने, भांडण सोडवायला आलेल्या शिपायाची कॉलर धरून त्याला ढकलले. शिपायाला इजा झाली नाही, पण चारचौघांत वर्दीची बटणे तुटली. मुलगा प्यायलेला होता. हाच मुलगा रोज पहाटे पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावत असे. भारतीय दंड संहितेचे कलम ३५३ लागले. दोषी ठरला त्या दिवशी तो २५ वर्षांचा होता. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याचे वडील मला म्हणाले, "भाऊ, गुन्हा केला तवा पोट्टं एकोणीसचं होतं जी. सजा मात्र पंचवीसच्या माणसाले होऊन राहिली."

मी वकील नाही. सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिता लिहिता जुनी कायद्याची पुस्तके वाचायची सवय लागली, एवढेच. पण त्या वाक्याने मला कामाला लावले. दारू, कोवळे वय आणि वर्दी या तीन गोष्टी एकाच गुन्ह्यात आल्या, तर कायद्याने कशाला किती वजन दिले?

खाप्याला नगरपालिका मिळाली १८६७ साली. त्याच्या पाच वर्षे आधी, १ जानेवारी १८६२ पासून, दंड संहिता अमलात आली होती. दारूचा प्रश्न तिने तेव्हाच निकालात काढला. कलम ८५ सांगते की नशेची सबब फक्त त्यालाच मिळेल, ज्याला नकळत किंवा बळजबरीने काही पाजले गेले. स्वतःहून प्यायलेल्याला ती नाही. नुसता नशेत सार्वजनिक जागी धिंगाणा केला, तर कलम ५१० खाली २४ तासांची साधी कैद किंवा १० रुपये दंड. पण तोच हात कामावरच्या सरकारी नोकरावर पडला, की कलम ३५३ आणि दोन वर्षांपर्यंत कैद. धिंगाणा आणि कॉलर यांत अंतर दोन पावलांचे. शिक्षेतले अंतर एवढे.

वयाच्या बाबतीत कायदा एवढा ठाम कधीच नव्हता. मूळ संहितेत सात वर्षांखालच्याला गुन्हा नाही. सात ते बारापर्यंत समज पाहायची. पुढे सगळे सारखे. मग एकेक उपाय जोडला गेला. १८६४च्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगाराला दुसऱ्या शिक्षेऐवजी वेताचे फटके देण्याची मुभा दिली. तुरुंगात सराईतांच्या संगतीत ठेवण्यापेक्षा हे बरे, असा त्यामागचा विचार. ही शिक्षा रद्द झाली ती थेट १९५५ साली. १८७६ आणि १८९७च्या कायद्यांनी सुधारगृहे आणली. आपण मध्य प्रांतात होतो, तेव्हा १९२८ साली बोर्स्टलचा कायदा झाला. तरुण कैद्याला तुरुंगाऐवजी शिस्त आणि कसब शिकवणाऱ्या संस्थेत ठेवायचे, ही त्याची कल्पना.

स्वतंत्र भारताने यापुढचे पाऊल टाकले. १९५८च्या परिवीक्षा कायद्याचे कलम ६ म्हणते की, जन्मठेपेपर्यंतचे गुन्हे सोडता, २१ वर्षांखालच्या दोषीला कैद द्यायचीच असेल तर न्यायाधीशाने कारणे लिहून द्यावीत आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. म्हणजे चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडणे हा नियम, तुरुंग हा अपवाद. कलम ३५३चा गुन्हाही यात बसतो.

मग शेजारच्या मुलाला ते का मिळाले नाही? उत्तर 'रामजी मिस्सर विरुद्ध बिहार राज्य' या निकालात सापडले. सर्वोच्च न्यायालयाने तिथे ठरवले की कलम ६साठी वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे नव्हे. खालचे न्यायालय दोषी ठरवून शिक्षेचा विचार करते त्या दिवशीचे. यात तर्क आहे. तरुणाला तुरुंगाच्या संगतीपासून वाचवायचे, तर तुरुंगाचा प्रश्न ज्या दिवशी उभा राहतो त्याच दिवशीचे वय पाहायला हवे. पण खटला सहा वर्षे चालला, की हाच तर्क उलटतो. २१ ओलांडल्यावर कलम ४ खाली न्यायाधीश सोडू शकतात. पण तेव्हा ती त्यांची मर्जी, कायद्याचा आग्रह नव्हे. १८ वर्षांखालच्या मुलांचे तसे नाही. २००५ साली 'प्रताप सिंह' प्रकरणात त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने त्यांच्यासाठी गुन्ह्याच्या दिवशीचे वय धरले. सतरा वर्षांच्या मुलाचे वय कायदा गोठवून ठेवतो. एकोणीस वर्षांच्याचे मात्र तारखा पडता पडता झिजून जाते.

वर्दीचे पारडे दरम्यान जड होत गेले. महाराष्ट्राने २०१८ साली कलम ३५३ची कमाल शिक्षा पाच वर्षे केली आणि खटला सत्र न्यायालयाकडे नेला. १ जुलै २०२४पासून नवी न्याय संहिता आली. तिच्या कलम १३२ मध्ये कमाल पुन्हा दोन वर्षे आहे. नशेतल्या धिंगाण्याला, कलम ३५५ खाली, आता समाजसेवेची शिक्षाही देता येते. कॉलर धरणाऱ्याला मात्र कलम १३२ ती देत नाही.

शिपायाची बाजू मी विसरलेलो नाही. तोही चोविशीचा, सलग दोन दिवसांच्या बंदोबस्तावरून आलेला. साक्षीला तो बदलीच्या गावाहून दोनदा आला आणि दोनदा पुढची तारीख घेऊन परतला. त्याच्या अंगावर पडलेला हात क्षुल्लक मानू नये, हे त्याचे म्हणणे रास्तच. पण सहा वर्षांनी लागलेल्या निकालाने त्याला तरी काय दिले?

माझ्या मते वय गुन्ह्याच्या दिवशीचेच धरावे. ते होईल तेव्हा होवो. आता कुणी बाप विचारायला आला, की मी दोनच गोष्टी सांगतो: पहिल्याच तारखेला जन्माचा दाखला कागदांत लावा, आणि पोरगा एकविशीच्या आत आहे, खटला लवकर चालवा, असा अर्ज वकिलाला द्यायला लावा. शेजारचा मुलगा आता गॅरेजात काम करतो. पहाटे मैदानाकडे तो फिरकत नाही.