तळटीप : मोहेंजोदडोचे 'मनोरे'

लेखकाला येथे जे मनोरे भासले त्या वस्तुतः विहिरी होत. पाचरीच्या घाटाच्या भाजक्या विटांनी बांधलेल्या ह्या विहिरींचे काठ, शहराची जमीन पिढ्यान्‌पिढ्या वर चढत गेली तसतसे, थरावर थर देऊन उंचावण्यात आले, आणि उत्खननात भोवतालची माती निघून जाताच त्या उघड्या पडल्या. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांसारख्या साक्षेपी पंडितानेही १९११-१२ च्या पाहणीत, येथील विटा अर्वाचीन वाटल्यामुळे, हे स्थळ अवघे २०० वर्षांचे ठरवले होते, यावरून त्या भट्टीकामाची सफाई ध्यानी यावी. पाणी लागल्यावरही खाली खणत राहिलेल्या मजुरांची हजिरी वा मुशाहिरा सांगणारे दप्तर मात्र नाही. मुद्रांवरील लिपीच अद्याप उलगडलेली नाही, आणि काठच्या विटांवर दोरांनी पाडलेले चर पाणी ओढणाऱ्यांचे, खणणाऱ्यांचे नव्हेत.