'स्टेज'वरचे 'ते' कोण?

शाळेत कविता म्हणजे 'अलंकार ओळखा', दोन गुण. त्याच सवयीने मी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' वाचायला घेतली आणि अडकलो. अलंकारासारखं फारसं काही हाती लागेना.

मग सर्वनामं पाहिली. एकीकडे 'आम्ही', दुसरीकडे 'ते'. दुःख खाली बसलेल्यांचं, पण त्यावर बोलतात मंचावरचे. उपरोध इथेच आहे. सूर मात्र चढत नाही. घडलं ते सांगावं, तसा सपाट राहतो. म्हणून शंका कुजबुजणाऱ्यांना शेवटी दटावलं जातं, ते अंगावर येतं.

या 'ते'मागचा इतिहास आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. हातातून गेलेल्या जमिनी आणि शेतमजुरी हे भिल्लांचे प्रश्न होते. अंबरसिंग महाराजांसारखे आदिवासी नेते होते, तसे शहरांतून आलेले शिकलेले तरुणही. सोनवणे स्वतः भिल्ल आणि याच संघटनेचे कार्यकर्ते.

कवितेतले 'ते' जमीनदार असते तर वाचणं सोपं गेलं असतं. पण जमीनदार कशाला आदिवासींच्या दुःखावर भाषण देईल? हे 'ते' आपल्या बाजूचे वाटणारे, कळवळ्याने बोलणारे आहेत. चळवळीतल्या माणसाने हे लिहावं, याला धाडस लागतं.

आणि आत्ता या कवितेचा अर्थ सांगणारा मी? मीही स्टेजवरच चढलोय. तेव्हा माझं पुरे. 'गोधड' हा संग्रह मिळवा आणि कविता स्वतः वाचा.