भिंत माणसाला कामाला लावते

मंडळी, आजची गोष्ट आहे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका मेंटेनन्स प्रोजेक्टची.

तुर्कस्तानात कोन्याच्या मैदानात चातालहोयुक नावाचं टेकाड आहे. इ.स.पू. ७१०० ते ५९५० च्या सुमारास तिथे मोठी वस्ती होती. घरं एकमेकांना खेटून, गल्ल्या जवळपास नाहीतच, आत शिरायचं ते छपरातून शिडीने! जेम्स मेलार्टने १९६० च्या दशकात तिथे खणलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं चित्रांकडे आणि मूर्तींकडे. १९९३ पासून पुढची २५ वर्षं इयन हॉडरच्या टीमने खणलं. 'वस्तूंमागचा अर्थ शोधा' असा १९८० च्या दशकात धोशा लावणारा हाच तो हॉडर. पण इथे तो चक्क भिंतींच्या मातीपाशी येऊन थांबला.

कारण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. यातली स्मेक्टाइट जातीची खनिजं आपल्या काळ्या मातीतही असतात, म्हणून तर उन्हाळ्यात शेतं भेगाळतात. अशा विटांची भिंत सरळ उभी राहणार कशी? मग लाकडी खांबांचा टेकू द्या, शेजारी जोडभिंत बांधा, पुन्हापुन्हा लिंपा. काही भिंतींवर गिलाव्याचे शेकडो पातळ थर सापडलेत. पुढे लोक वाळूमिश्रित मातीच्या विटा करू लागले. पण त्यासाठी वेगळी माती शोधा, खणा, वाहून आणा. एक बग फिक्स केला की दुसरं काम निघालंच!

माणूस भिंतीवर अवलंबून आणि भिंत माणसावर. हॉडरने २०१२ च्या 'एन्टँगल्ड' या पुस्तकात मांडला तो हाच गुंता. त्याच सुमारास तत्त्वज्ञानात नव-भौतिकवादाची लाट आली होती. वस्तू निमूट पडून नसतात, त्याही घडवून आणतात, असं ही मंडळी म्हणतात. २०१० मध्ये जेन बेनेटने उदाहरण दिलं ते ऑगस्ट २००३ मध्ये उत्तर अमेरिकेत झालेल्या ब्लॅकआउटचं. सुमारे ५ कोटी लोक अंधारात. तारा, झाडं, सॉफ्टवेअर, कंपन्या, कायदे आणि खुद्द वीज, सगळ्यांचाच त्यात हात. त्यामुळे एकट्या कुणावर खापर फोडायला ती कचरते.

खरी गोम इथेच आहे. सिस्टिम बसली की 'सर्व्हरने दगा दिला' म्हणणं किती सोयीचं असतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे! सेव्हरिन फाउल्स या पुरातत्त्वज्ञाने २०१६ मध्ये असाच चिमटा काढला. वसाहतवादावर टीका सुरू झाली, दुसऱ्यांच्या संस्कृतीबद्दल अधिकाराने बोलणं जड जाऊ लागलं, आणि नेमके तेव्हाच अभ्यासक वस्तूंकडे वळले. वस्तू उलट बोलत नाहीत ना!

मग हा नवा विचार टाकून द्यायचा का? मला नाही तसं वाटत. भिंतीकडे नीट पाहिलं नसतं तर ते शेकडो थर म्हणजे नुसती सजावट वाटली असती. त्यामागची राबणूक दिसलीच नसती. फक्त पुढचा प्रश्न सोडायचा नाही: राबलं कोण? चातालहोयुकच्या सांगाड्यांत बरगड्यांवर चुलीच्या धुराची काजळी सापडली, आणि स्त्री-पुरुषांत तिचं प्रमाण सारखंच निघालं. म्हणजे घरात दोघंही साधारण तेवढाच वेळ असावेत. लिंपायचं कुणी हे एवढ्यावरून ठरत नाही, पण 'बायकाच असणार' हे गृहीत धरायची सोय मात्र गेली.

भिंत काम मागते, हे मान्य. ते कुणाच्या गळ्यात पडतं, हे मात्र माणसंच ठरवतात.