फायनल कट प्रो: ज्या दिवशी जुनी कामं उघडेनात

आज फायनल कट प्रोची गोष्ट. ज्यांनी एडिट रूममध्ये रात्री काढल्यात, त्यांना नुसतं ‘एफसीपी’ म्हटलं तरी पुरे. इतरांसाठी एवढंच, की चित्रीकरणाचे तुकडे कापून-जोडून त्यांचा सिनेमा किंवा कार्यक्रम करायचं हे सॉफ्टवेअर.

सुरुवात रँडी युबिलोस या माणसापासून करावी लागते. अडोबीच्या प्रीमियरच्या पहिल्या तीन आवृत्त्या त्याच्या. पैकी पहिली १९९१ची. पुढे तो आणि त्याचे सहकारी मॅक्रोमीडियात गेले आणि ‘कीग्रिप’ नावाचा नवा प्रोग्राम तयार करू लागले. कंपनीच्या करारांच्या अडचणींमुळे तो बाजारात येईना. १९९८ मध्ये ॲपलने टीमसकट तो विकत घेतला. गंमत अशी, की ॲपलनेही आधी त्यासाठी दुसरं गिऱ्हाईक शोधलं. ते मिळेना, म्हणून काम घरातच पुढे सुरू राहिलं! एप्रिल १९९९ मध्ये लास व्हेगासच्या एनएबी प्रदर्शनात तो फायनल कट प्रो या नावाने बाहेर आला. किंमत ९९९ डॉलर.

हा आकडा लक्षात ठेवा. तेव्हा व्यावसायिक संकलन म्हणजे ॲव्हिड, आणि ॲव्हिडची यंत्रणा हजारो डॉलरची. आता डीव्ही कॅमेरा, फायरवायरची केबल आणि एक मॅक एवढ्यावर घरात संकलन होऊ लागलं. वॉल्टर मर्चसारख्या दिग्गजाने २००३चा ‘कोल्ड माउंटन’ यावर कापला, त्याला संकलनाचं ऑस्कर नामांकन मिळालं. फेब्रुवारी २०११ मध्ये तर यावर कापलेल्या ‘द सोशल नेटवर्क’ने संकलनाचं ऑस्करच पटकावलं.

आणि त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत, २१ जून २०११ला, फायनल कट प्रो एक्स आलं.

किंमत २९९.९९ डॉलर, म्हणजे आणखी स्वस्त. पण आधीच्या सातव्या आवृत्तीत केलेलं काम त्यात उघडतच नव्हतं. अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र लावून कापायची सोय गायब. ध्वनिमुद्रण स्टुडिओकडे किंवा रंगसंस्कार करणाऱ्याकडे काम सोपवायला लागणारी ईडीएल, एक्सएमएल ही देवाणघेवाणीची साधनंही गायब. वर ॲपलने जुन्या आवृत्तीची विक्रीही थांबवली. संकलकांनी निषेधाची सह्यांची मोहीम काढली. अमेरिकेत कोनन ओब्रायनच्या कार्यक्रमाच्या संकलकांनी तर खिल्ली उडवणारा व्हिडिओच दाखवला.

ॲपलची बाजूही समजून घेऊ. जुनं सॉफ्टवेअर ३२-बिटचं, जुन्या क्विकटाइमवर उभं. यंत्रात मेमरी कितीही घाला, त्याला ती वापरता येत नसे. कधीतरी नव्याने बांधायला लागणारच होतं. नव्यात ‘मॅग्नेटिक टाइमलाइन’ होती: मधला तुकडा काढला की पुढचे आपोआप सरकून जागा भरतात. क्रमांकाच्या ट्रॅकची जुनी पद्धतच मोडीत काढली. या फेरमांडणीमागे कोण होता? तोच युबिलोस! सुट्टीतल्या प्रवासाचा व्हिडिओ झटपट जोडता यावा, या त्याच्या इच्छेतून आधी ‘आयमूव्ही ०८’ जन्मलं होतं, आणि एक्सची चाल त्याच वळणाची होती. मला ती कल्पना चांगलीच वाटते. पण संवाद अमुक ट्रॅकवर, संगीत तमुक ट्रॅकवर, ही मांडणी म्हणजे संकलक आणि ध्वनिसंयोजक यांच्यातली अलिखित भाषा होती. ती एका रात्रीत कशी बदलणार? शिवाय दोन वर्षांनी निर्माता ‘तो भाग पुन्हा काढा’ म्हणाला तर?

ॲपलने जुनी आवृत्ती काही काळ पुन्हा विकायला काढली. सप्टेंबर २०११ मध्ये एक्सएमएल आलं, जानेवारी २०१२ मध्ये मल्टिकॅम. तोवर बरेच जण ॲव्हिडकडे किंवा प्रीमियरकडे वळले होते. म्हणजे युबिलोसच्याच पहिल्या लेकराकडे!

२०१५ मध्ये युबिलोस ॲपलमधून निवृत्त झाला. २०१७च्या मॅकओएस हाय सिएरावर सातवी आवृत्ती चालेनाशी झाली. तरी काही जणांनी जुनी यंत्रं जपून ठेवली. २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा कोरियन ‘पॅरासाइट’ आठवतो ना? संकलनाचं नामांकनही त्याला होतं. तो कापला होता त्याच सातव्या आवृत्तीवर.