'कमीत कमी'ची रेघ

मजुराला जगण्यापुरते किती लागते, हा वाद आम्ही उभा जन्म घातला. तो रेघांनी मांडता येतो, हे मात्र उशिरा उमगले. श्रोतेहो, आडव्या अक्षावर पीठ धरा, उभ्यावर डाळ. 'प्रथिने इतक्यांहून कमी नकोत' ही एक रेघ, 'उष्मांक इतक्यांहून कमी नकोत' ही दुसरी. दोन्हींच्या वरचा प्रदेश तो पुरेसा आहार. स्वस्तात स्वस्त आहार त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतो.

दोन जिन्नस कागदावर मावतात, ७७ मावत नाहीत. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली ७७ जिन्नस व ९ पोषकद्रव्ये घेऊन अदमासाने उत्तर काढले: १९३९ च्या भावांनी एका पुरुषास वर्षाला ३९.९३ डॉलर. जेवण काय? पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक, घेवडा! १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांच्या सिम्प्लेक्स रीतीने नेमके उत्तर निघाले, ३९.६९.

गणित चोख, पण चवीची रेघ त्यात नव्हती. आपल्याकडे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाच्या हिशेबात अन्नाशेजारी कापड व घरभाडेही धरले. कोपरा गणित शोधते. रेघा कोणत्या ओढायच्या, हे माणसांनी भांडून ठरवायचे असते.